अजानवनीत : शृतशीत दुधाचे लोणी

नवनीत म्हटले की आपणा वैद्यांच्या डोळ्यांसमोर गाईचे पिवळसर लोणी उभे राहते, फार तर म्हशीचे पांढरे. शेळीच्या दुधाचे लोणी आपण ग्रंथात वाचतो, परीक्षेत लिहितो आणि चिकित्सालयात विसरतो. विसरण्याचे कारण शास्त्रीय नाही, व्यावहारिक आहे. ते बाजारात मिळत नाही आणि घरी काढू गेले तर नेहमीच्या रीतीने निघत नाही. गेली काही वर्षे मी ते घरी काढतो. त्यात हात कसा बसला हे सांगण्यापूर्वी मी केलेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. कारण कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी मला त्या चुकीने शिकविली.

मी संगमनेर परिसरात चिकित्सा करतो. हा भाग ज्या जातीला आपले नाव देऊन बसला आहे त्या संगमनेरी शेळ्या दूध व मांस या दोहोंसाठी पाळल्या जातात. त्यामुळे अजादुग्ध मिळविण्यास मला कधी अडचण पडली नाही. २०११ च्या पावसाळ्यात एक शिक्षक माझ्याकडे आले. दीर्घ कासानंतर शरीर उतरलेले, अग्नी मंद, मलप्रवृत्ती द्रव, तोंडाला रुची नाही. क्षयाची शंका तपासण्यांनी दूर झालेली होती. अजादुग्धाचे गुण आपणा सर्वांना मुखोद्गत असतात : कषायमधुर, शीत, लघु, ग्राही, क्षय, कास, अतिसार, रक्तपित्त, ज्वर यांत हितकर. मी त्यांना सकाळी धारोष्ण अजादुग्ध आणि त्याच कच्च्या दुधाचे ताजे लोणी खडीसाखरेबरोबर सांगितले. जवळच्या वस्तीवरील एक मावशी चौदा शेळ्या राखून होत्या, त्यांच्याकडून दूध येई.

महिनाभर उत्तम गेला. भूक लागली, वजन थोडे वाढले. मग सायंकाळी ज्वर येऊ लागला. काही दिवस चढे, काही दिवस उतरे. रात्री अंथरूण भिजेल इतका स्वेद, कटिशूल, सांधे धरलेले. मी विषमज्वर मानून सुदर्शन चूर्ण, अमृतारिष्ट अशी योजना तीन आठवडे केली, आणि त्या तीन आठवड्यांत दूध-लोणी चालूच ठेवले, कारण ते तर पथ्य! अखेर नाशिकच्या एका फिजिशियनांनी रक्ताची ॲग्लुटिनेशन चाचणी करून निदान केले : ब्रुसेलोसिस. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे घेतल्यावर गुरुजी बरे झाले. त्यांच्या पत्नी मला एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, कच्चं दूध तर तुम्हीच सांगितलं होतंत." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. नंतर मावशींकडे चौकशी केली तेव्हा कळले की त्या वर्षी त्यांच्या कळपात दोन शेळ्या गाभडल्या होत्या. त्यांना त्याचा दुधाशी काही संबंध असेल असे वाटले नाही, आणि मी विचारले नव्हते.

हा रोग शेळीच्या दुधाशी कसा जोडला गेला याचा इतिहास वैद्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांत दीर्घकाळ रेंगाळणारा एक ज्वर असे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू वेगळा केला, परंतु तो येतो कोठून हे पुढे अनेक वर्षे कळले नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच वैद्यकतज्ज्ञाने तो बेटावरच्या शेळ्यांत दाखविला. दिसायला निरोगी, दूध भरपूर, आणि अंगात जंतू! १९०६ मध्ये सैन्याला शेळीचे दूध देणे बंद करताच रुग्णसंख्या झपाट्याने घटली. शेळ्यामेंढ्यांतील ब्रुसेला मेलिटेन्सिस ही या जंतूंची माणसाला सर्वाधिक त्रास देणारी जात मानली जाते. कच्च्या दुधाच्या लोण्यात हे जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतात. दह्याच्या आंबटपणावरही विसंबता येत नाही. दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद राहिले की ते मरतात. घरच्या उकळीने तर निश्चितच मरतात. म्हणून कढविलेल्या घृताला हा धोका नाही, लोण्याला आहे. हा भेद नीट ध्यानात धरावा.

मला अधिक बोचले ते दुसरेच. त्या प्रसंगानंतर भावप्रकाश निघण्टूतील दुग्धवर्ग पुन्हा काढून वाचला. भावमिश्रांनी कोणाचे दूध कोणत्या अवस्थेत घ्यावे हे प्राण्यागणिक सांगितले आहे. धारोष्ण प्रशस्त ते गाईचे. म्हशीचे धार काढून थंड झालेले, मेंढीचे तापवून गरम असताना, आणि शेळीचे शृतशीत, म्हणजे तापवून निवविलेले. द्रव्यगुणाच्या अभ्यासात हे मी पाठ केले होते. धारोष्ण दुधाची अमृताशी केलेली तुलना तेवढी स्मरणात राहिली आणि ती कोणत्या दुधाची हा विवेक गळून पडला. भावमिश्रांच्या मनात जंतू होता असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. तसे म्हणणे म्हणजे ग्रंथाच्या मुखी आपले शब्द घालणे होय. त्यांनी जे सांगितले ते तेवढेच पाळले असते तरी गुरुजींचे तीन महिने वाचले असते. आज मी गाईचे दूधही कच्चे सांगत नाही, कारण गोठ्याची परीक्षा माझ्या हाती नसते.

येथे आधारग्रंथांतील आणखी एक भेद पाहू. चरकाच्या गोरसवर्गात (सूत्रस्थान २७) ताज्या नवनीताला दीपन, हृद्य, संग्राही म्हटले असून ग्रहणी, अर्श, अर्दित आणि अरुचि यांत त्याचा उपयोग सांगितला आहे. सुश्रुत (सूत्रस्थान ४५) आणि वाग्भट (अष्टांगहृदय, सूत्रस्थान ५) दह्यापासूनच्या नवनीताहून क्षीरोत्थ, म्हणजे थेट दुधातून काढलेले नवनीत वेगळे मानतात. वाग्भटांच्या मते ते विशेष संग्राही असून रक्तपित्त व अक्षिरोगांत हितकर आहे. आता मूळ दूधच ग्राही व रक्तपित्तहर असेल, तर शेळीचे क्षीरोत्थ नवनीत रक्तस्रावी अर्शात का वापरू नये, हा विचार सहज येतो. अर्शचिकित्सितात चरकांनी नवनीत व तीळ, तसेच नागकेशर, नवनीत व शर्करा यांचा नित्य प्रयोग सांगितलाच आहे. दूध आधी तापविल्याने क्षीरोत्थत्व जाते काय? माझ्या मते जात नाही. क्षीरोत्थ हा शब्द दधित्व टाळण्याविषयी आहे, अग्निसंस्कार टाळण्याविषयी नव्हे. भिन्न मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

दूध हलके का, याचे ग्रंथोक्त कारण आपण जाणतो : शेळी पाणी थोडे पिते, हिंडते फार आणि कटुतिक्त पाला खाते. आधुनिक दुग्धशास्त्र सांगते की शेळीच्या दुधातील स्नेहकण लहान, सरासरी साडेतीन मायक्रॉनच्या आसपास असतात, गाईच्या दुधात साडेचारच्या. लघुत्व म्हणजे हेच, असे म्हणून टाळ्या मिळविण्याचा मोह होतो. मी तो टाळतो. माझी चिंता वेगळी आहे. हल्ली बंदिस्त शेळीपालन वाढले आहे. जागेवर उभी राहून कुट्टी आणि पेंड खाणारी, पुढ्यात चोवीस तास पाणी असणारी शेळी ग्रंथातली शेळी आहे काय? मी शक्यतो बाभूळ, बोर, हिवर ओरबाडत रानात फिरणाऱ्या शेळ्यांचेच दूध घेतो.

स्नेहकणांचे हे लहानपण लोणी काढणाऱ्याला मात्र नडते. गाईच्या दुधात एक प्रथिन स्नेहकणांना एकत्र बांधते, त्यामुळे साय भराभर वर येते. शेळीच्या दुधात ते जवळपास नसते. आमच्या आईने पहिल्या दिवशी सवयीने दूध तापवून रात्रभर ठेवले आणि सकाळी पातेल्यात डोकावून म्हणाली, "यात साय कुठंय? पापुद्रा आहे नुसता." आठवडाभर साय साठवून लोणी काढण्याची आपली घरगुती रीत येथे चालत नाही ती यामुळे. दूध हलके निघाले, पाणी घातलेले असावे, असा संशय घेऊन गवळणीशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. त्या बिचारीचा काही दोष नसतो.

उग्र वासाचा बाऊ तर सर्वत्र असतो. मावशींचे मत ऐका : "डाक्टर, वास दुधाला नसतोय, बोकडाला असतोय. त्यो लांब बांधला की दूध गोड." यात पुष्कळ तथ्य आहे, बोकडाजवळ राखलेल्या शेळीच्या दुधाला तो वास लागतो. दुसरे कारण दुधातच असते. शेळीच्या स्नेहात कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही अल्पशृंखल मेदाम्ले अधिक असतात; ही तिन्ही नावे शेळीच्या लॅटिन नावावरूनच पडली आहेत. जोवर ती स्नेहात बद्ध आहेत तोवर वास नाही. कच्च्या दुधातील लायपेज हे विकर त्यांना सोडविते, आणि दूध हिंदकळले, वा कच्चेच दोनतीन दिवस शीतकपाटात राहिले, की ते काम जोरात चालते. मग लोण्याला वास येतो आणि चव साबणासारखी होते. दूध काढल्याबरोबर तापविले की हे विकर निष्क्रिय होते. ज्या अग्निसंस्काराने जंतू मरतो त्यानेच वासही टळतो. शृतशीत या एका शब्दात आमच्या घरचे निम्मे प्रश्न सुटले.

आता प्रत्यक्ष कृती.

दूध धार काढल्यापासून तासाभरात घरी यावे, वाटेत फार हिंदकळू नये. चौपदरी धुतलेल्या मलमलीतून गाळून जाड बुडाच्या पातेल्यात तापवावे, एक उकळी येऊ द्यावी आणि पातेले थंड पाण्यात ठेवून लवकर निववावे. एका शेळीचे दूध पुरत नाही. दोनतीन दिवसांचे साठवावे लागते. साठवावे ते तापविलेलेच. ज्या कळपात अलीकडे शेळी गाभडली असेल तेथील दूध मी तापवूनही घेत नाही, आणि मालकाला पशुवैद्याकडे पाठवितो. गाभडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलणाऱ्यांनाही हा रोग होतो, हेही त्याला सांगावे.

क्षीरोत्थ लोण्यासाठी हाताने फिरवायचे छोटे साय काढण्याचे यंत्र लागते. दूध चाळीस अंशांपर्यंत कोमट करून त्यात सोडले की जाडसर साय आणि निःस्नेह दूध वेगळे होते. ही साय रात्रभर शीतकपाटात ठेवावी. ही विश्रांती टाळू नये. वितळलेला स्नेह कणांच्या आत पुन्हा घट्ट व्हावा लागतो, त्याशिवाय घुसळून लोणी जमत नाही. पहाटे साय दहा ते बारा अंशांवर असताना घुसळावी. रुंद तोंडाची काचेची बरणी अर्धी भरून हलविली तरी चालते, रवी उत्तम. विजेचे यंत्र मी टाळतो, कारण त्याने साय तापते. आधी फेस, मग घट्ट फुगलेली साय, मग आवाज बदलतो आणि भांड्याच्या कडेला रव्याएवढे पांढरे कण दिसू लागतात. गाईच्या लोण्याप्रमाणे गोळा एकदम जमत नाही. येथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते घुसळत राहतात. असे करू नये. कण दिसताच बर्फाचे पाणी घालावे, दहाबारा वेळा हलक्या हाताने फिरवावे आणि ओल्या मलमलीवर सर्व ओतावे. वेळ कमीअधिक लागेल, पण उष्णता वाढू देऊ नये. एका वैशाखात मी दुपारी हट्टाने घुसळले. स्नेह कणरूप होण्याऐवजी ताकात लिंपून गेला आणि हाती लोणी आले ते सुपारीएवढे.

यंत्र नसेल तर दह्याची रीत आहे. शृतशीत दुधाला कोमट असताना विरजण लावावे. शेळीचे दही गाईच्या दह्यासारखे घट्ट लागत नाही, थलथलीत राहते. ते बिघडले असे समजू नये. सर्व दही डेऱ्यात घालून थंड पाणी मिळवून घुसळखांबाशी रवी लावून घुसळावे. लोणी येते, पण कमी येते, आणि ते दध्युत्थ असते. ग्रहणी व अरुचीत मला हेच अधिक आवडते.

दोन्हींत पुढची पायरी समान. लोणी थंड पाण्यात तीनचार वेळा धुवावे, धुवण निवळ येईपर्यंत. ताकाचा अंश राहिला की लोणी लवकर आंबते. लाकडी पळीने दाबून पाणी काढावे. औषधी लोण्यात मीठ घालू नये. मी ते तीन दिवसांत वापरतो; ग्रंथांची अपेक्षाही सद्यस्क नवनीताचीच आहे. उरलेले कढवून घृत करावे.

हिशोब असा पडतो. पाच लिटर दुधात चार टक्के स्नेह धरला तर दोनशे ग्रॅम स्नेह, आणि लोण्यात सुमारे ऐंशी टक्के स्नेह असल्याने कागदावर अडीचशे ग्रॅम लोणी. यंत्राच्या रीतीने आमच्या घरी सव्वादोनशेच्या आत, दह्याच्या रीतीने दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम मिळते. एक किलो अजाघृताला तीस लिटर दूध तरी हवे, दह्याने काढल्यास चाळीस.

औषधनिर्माते आणि विक्रेते बंधूंचे लक्ष मी या आकड्यांकडे वेधतो. भैषज्यरत्नावलीतील अजापंचक घृतासारख्या कल्पात मूळ स्नेहच शेळीचा आहे. मागे एका घाऊक विक्रेत्याकडून माझ्याकडे अजाघृताची बाटली आली. घृत हळदुव्या छटेचे होते. शेळी आहारातील कॅरोटिनचे जवळपास पूर्णपणे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचे दूध, लोणी, घृत पांढरेच असते. पिवळेपणा दिसला की शंका घ्यावी. मात्र पांढरेपणा हा पुरावा नव्हे, कारण म्हशीचे घृतही पांढरे असते. प्रयोगशाळेत मेदाम्लांचे पृथक्करण केल्यास निर्णय होऊ शकतो. शेळीच्या स्नेहात कॅप्रिक आम्ल आठ ते दहा टक्क्यांच्या घरात, गाईच्या स्नेहात तीनच्या आसपास, म्हशीच्या त्याहूनही थोडे कमी असते. गोघृताच्या भावात अजाघृत देऊ करणाऱ्यास वरील दुधाचा हिशोब विचारावा. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी कल्प तयार करण्यास १९४० च्या औषध कायद्याने मोकळीक ठेवली आहे. विक्रीसाठी करावयाचे तर परवाना अनिवार्य.

उपयोगाविषयी थोडक्यात. रक्तार्शात नागकेशर चूर्ण एक ग्रॅम, अजानवनीत एक चमचा आणि खडीसाखर सकाळी अनशेपोटी, असा माझा प्रघात आहे. अनेकांत रक्तस्राव व दाह उणावतो. गुदपरीक्षा केल्याशिवाय मात्र मी एकही रुग्ण यावर ठेवत नाही. चाळिशीनंतरच्या प्रत्येक गुदगत रक्तस्रावास अर्श समजणे घातक आहे. ज्या बालकाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे त्याला शेळीचे चालेल असा समज लोकांत आणि काही वैद्यांतही आहे. तो खोटा आहे, बहुतेक बालकांना दोन्हींची बाधा होते. केवळ शेळीच्या दुधावर वाढविलेल्या अर्भकांत फोलेटच्या अभावी पांडुता येते, हेही माहीत असावे. १९१८ मधील आमांशाने खंगल्यावर गांधीजींनी पुढे कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध स्वीकारले, ही गोष्ट रुग्ण हटकून सांगतात. ते प्रौढ होते, अर्भक नव्हते, एवढे उत्तर पुरते.

राहिले निःस्नेह दूध. पाच लिटरमागे साडेचार लिटर ते उरते आणि टाकवत नाही. आई त्याचे दही लावते. त्या ताकात सुंठ व सैंधव घालून मी ग्रहणीच्या रुग्णांना देतो. ते लघु असल्याने सोसते, आणि सध्या आमच्या दारी लोण्यापेक्षा त्याचीच मागणी अधिक आहे.